पिढीजात, पण नुकतंच घडवलेलं

1990 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचा ‘रियुनियन’ नावाचा भाग दाखवला गेला. वॉर्फ हा क्लिंगॉन जातीचा योद्धा त्यात आपल्या लहानग्या मुलाला एक हत्यार दाखवतो. चंद्रकोरीसारखं वाकलेलं, चार टोकांचं, दोन हातांनी पेलायचं. हे आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, असं तो पोराला सांगतो. पुढे त्याच भागात पोराच्या आईचा खून होतो आणि वॉर्फ ते हत्यार घेऊन थेट खुन्याच्या जहाजावर जातो.

हत्याराचं नाव बॅटलेथ. पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट पटकथेपुरती. प्रत्यक्षात ते याच भागासाठी घडवलेलं होतं आणि त्याआधी कुठल्याच प्रेक्षकाने पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे दूरदर्शनवर मूळ ‘स्टार ट्रेक’ पाहिलेली पिढी आहे, पण त्या मालिकेतल्या क्लिंगॉनांकडे असलं काही नव्हतं. 1968 च्या एका भागात त्यांच्या हातात तलवारी येतात, त्याही एका परग्रहीय शक्तीने जादूने दिलेल्या. क्लिंगॉनांचं स्वतःचं म्हणावं असं पातं आलं ते 1984 च्या तिसऱ्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात. तो खंजीर होता, मुठीजवळून दोन छोटी पाती फटकन बाहेर उघडणारा. पुढे ‘डक टाग’ म्हणून तो मालिकांमध्ये रुळला.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. बॅटलेथच्या बाबतीत मात्र कूळ शोधणाऱ्यांनी गेली तीस-पस्तीस वर्षं उच्छाद मांडलाय, कारण जगभरच्या हौशी कारागिरांना हे हत्यार जसंच्या तसं हवं असतं. जसंच्या तसं म्हणजे नेमकं कशासारखं, इथून सगळी भानगड सुरू होते.

जन्मकथा मालिकेनेही दिलेली आहे, आणि ती झकास आहे. क्लिंगॉनांचा आद्य वीर केलेस. त्याने आपल्या केसांची बट ज्वालामुखीच्या लाव्ह्यात बुडवली, सरोवराच्या पाण्यात थंड केली, पिळून तिचं पातं केलं आणि त्या पात्याने जुलमी मोलॉरला मारलं. 1993 च्या ‘राइटफुल एअर’ भागात ही कथा येते. दोनेक वर्षांनी ‘डीप स्पेस नाइन’ या भावंड-मालिकेत केलेसची ती मूळ तलवार सापडते, तेव्हा ती नक्षीदार आणि नेहमीच्या बॅटलेथपेक्षा वेगळी दाखवली आहे. म्हणजे आधी नक्कल जन्मली आणि मूळ पाच वर्षांनी घडवलं गेलं. पुराणं अशीच तयार होतात, फक्त इथे तारखा उपलब्ध आहेत.

खरी जन्मकथा डॅन करी या माणसाची. हा मालिकेच्या दृश्यपरिणाम विभागातला माणूस. अंतराळयानं, स्फोट, ग्रहांची चित्रं हे त्याचं काम, आणि त्या कामासाठी त्याला एमी पारितोषिकंही मिळाली. हत्यारं बनवणं हे काही त्याचं खातं नव्हतं. पण तरुणपणी पीस कोअरचा स्वयंसेवक म्हणून तो थायलंडमध्ये राहिला होता आणि आशियाई युद्धकलांचा त्याला नाद होता. पडद्यावरची हत्यारं दिसायला भपकेबाज आणि हातात धरायला अशक्य असतात, याचा त्याला मनापासून वैताग होता. एका भागात क्लिंगॉन पात्याचं हत्यार लागणार असं कळल्यावर चाच्यांच्या सिनेमातली तलवार पुन्हा दिसू नये म्हणून तो स्वतःची कल्पना घेऊन निर्माते रिक बर्मन यांच्याकडे गेला. कल्पना पसंत पडली. मग वॉर्फचं काम करणाऱ्या मायकल डॉर्नला ते फिरवायचं कसं, हेही त्यानेच शिकवलं. त्या हालचालींमध्ये ताई-ची मुरलेलं आहे. बारकाईने पाहिलं तर वॉर्फ खणाखणी कमी करतो आणि वळवणं-झुकवणं जास्त.

घाट कुठून आला, हे करीने स्वतः सांगितलेलं आहे. हिमालयातली खुकरी, तिबेटी कोयता, चिनी कुऱ्हाड आणि चिनी चंद्रकोरी पाती यांचा हा मेळ. यातलं शेवटचं नाव महत्त्वाचं. चिनी युद्धकलांत एकमेकींत अडकवलेल्या दोन चंद्रकोरींचं जोडहत्यार वापरतात. मूठ कोरीच्या आत असते, त्यामुळे चारही टोकं मुठीभोवती येतात आणि हात पात्यांच्या आड राहतो. बॅटलेथ हातात धरलेल्या माणसाचं चित्र पाहा. पाठीकडच्या कडेला बोटं जातील एवढ्या फटी कापलेल्या, त्या कडेवर चामडं गुंडाळलेलं आणि बोटांपुढे पात्याची भिंत. हे त्या चंद्रकोरीचंच रक्त. खुकरीकडून आला तो पोटाकडे झुकलेला बाक, ज्याने घावात वजन पुढे जातं.

आता माझं मत. हत्यार म्हणून बॅटलेथ फारसं शहाणपणाचं नाही. मालिकेच्या विश्वात त्याची लांबी 116 सेंमी आणि वजन 5.3 किलो सांगतात. एवढं वजन घेऊनही हात मधोमध असल्यामुळे पुढे पोचायला मिळते जेमतेम अर्धी लांबी. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पट्टा फिरवणाऱ्या एखाद्या पोरीसमोर वॉर्फला उभा केला, तर तो तिच्या जवळपासही पोचणार नाही. पण कॅमेऱ्यासमोर हिशेब उलटा आहे. लांब सरळ तलवार चौकटीबाहेर जाते, नटाचा चेहरा एकीकडे आणि टोक दुसरीकडे. बॅटलेथ छातीसमोर आडवं धरलं की चेहरा, दोन्ही मुठी आणि चारही टोकं एकाच चौकटीत मावतात. टीव्हीच्या पडद्यासाठी इतकं सोयीचं हत्यार क्वचितच कुणी घडवलं असेल. करीने ते हातासाठी घडवलं, टिकलं मात्र ते चौकटीमुळे, असं मला वाटतं.

नक्कल करायला बसलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो हा, की ‘मूळ वस्तू’ नावाची एक वस्तूच नाही. चित्रीकरणात एका हत्याराच्या अनेक प्रती असतात. क्लोजअपसाठी एक चांगली, धातूची, नीट पॉलिश केलेली. मारामारीसाठी हलकी, रबराची किंवा रेझिनची, जी कुणाच्या बरगडीवर बसली तरी फक्त शिव्या निघतील. कमरेला किंवा भिंतीवर अडकवायला आणखी एखादी. एकाच प्रसंगात वॉर्फ वळतो तेव्हा हातात एक असतं आणि घाव घालतो तेव्हा दुसरं. प्रेक्षकाला पत्ता लागत नाही, चौकट थांबवून बघणाऱ्याला लागतो. त्याला टोकाचा बाक बदललेला दिसतो, मग झोप उडते.

नाटकवाल्यांना हा त्रास नाही. ‘कट्यार काळजात घुसली’मधली कट्यार शेवटच्या रांगेतून कट्यार वाटली की प्रॉपर्टीवाल्याचं काम संपलं. तिच्या मुठीवरची नक्षी कुणी मोजत नाही. कॅमेरा हातभर अंतरावर येतो आणि चित्र साठवूनही ठेवतो, म्हणून टीव्हीच्या हत्याराला असले चाहते मिळतात.

दुसरा धक्का मापाचा. माणसं चित्रावरूनच मापं काढतात, आणि त्याची एक रीत आहे. ज्या वस्तूचं माप पक्कं ठाऊक आहे, ती त्याच चौकटीत शोधायची. ‘स्टार ट्रेक’मध्ये अशी वस्तू प्रत्येकाच्या छातीवर लावलेली असते, तो बोलण्याचा बिल्ला. बिल्ला चौकटीत अमुक ठिपके रुंद, पातं तमुक ठिपके, मग त्रैराशिक. पण बिल्ला छातीवर आहे आणि हत्यार छातीच्या हातभर पुढे. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे उत्तर फुगतं. शिवाय पातं किंचित तिरकं धरलं असेल तर लांबी आकसते. म्हणून अनुभवी माणूस एका चौकटीवर भरवसा ठेवत नाही. पातं कॅमेऱ्याला सपाट समोर आलेल्या चौकटी तेवढ्या निवडतो आणि बिल्ल्यापेक्षा मुठीवर वळलेला हात प्रमाण मानतो, कारण हात आणि पातं एकाच अंतरावर असतात.

तरीही जुन्या चित्रात होतं काय? मालिका 35 मिमी फिल्मवर चित्रित झाली होती, पण संकलन झालं व्हिडिओटेपवर, त्या काळच्या 480 ओळींच्या अमेरिकी टीव्हीसाठी. चौकटीची रुंदी 640 ठिपके धरा आणि बॅटलेथ टोकापासून टोकापर्यंत त्यात पूर्ण भरलंय असं समजा. 116 सेंमी भागिले 640, म्हणजे एका ठिपक्यात जवळपास 2 मिमी. कडेची तासणी किती रुंद आहे, फटीचा कोपरा गोल आहे की टोकदार, हे 2 मिमीच्या आतले प्रश्न. त्यांची उत्तरं त्या चित्रात नव्हतीच. वीस-बावीस वर्षं लोकांनी जे बारकावे म्हणून कोरले, त्यातला बराच भाग टेपवरची पुसटाई होती.

मग सीबीएसने मूळ निगेटिव्ह बाहेर काढल्या, सगळे भाग पुन्हा जुळवले आणि 2012 ते 2014 या काळात सातही हंगाम ब्लू-रेवर आणले. बॅटलेथचा जन्म झाला तो चौथा हंगाम 2013 मधला. आता तीच चौकट 1440 ठिपके रुंद, म्हणजे एका ठिपक्यात मिलिमीटरहूनही कमी. ज्यांनी आधी बनवलं होतं त्यांच्यातल्या कित्येकांनी नव्याने आखलं. जे मूळ पाहायला तेवीस वर्षं लागली ते मूळ कपाटात नव्हतं, फिल्मच्या डब्यात होतं.

प्रत्यक्ष वस्तूही लोकांच्या हाती आल्या, हे खरं. 2006 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला क्रिस्टीजने ‘स्टार ट्रेक’च्या सामानाचा तीन दिवस लिलाव केला. हजाराच्या वर नग, एकूण विक्री 70 लाख डॉलरहून जास्त. एका यानाची प्रतिकृती एकटीच 5 लाख 76 हजार डॉलरला गेली. त्यानंतर उरलंसुरलं सामान ऑनलाइन विकलं गेलं. वस्तू घरी आली की मालक आधी काय करतो? व्हर्नियर लावतो. मग त्याला कळतं की हे घराण्याचं शस्त्र ॲल्युमिनियमचं आहे.

माझ्या लेखी सगळ्या प्रकरणाचं मर्म याच ॲल्युमिनियममध्ये आहे. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड. तोच घाट पोलादात कापला तर तासन्‌तास ‘कट, पुन्हा एकदा’ करणाऱ्या नटाचे खांदे उतरतील, आणि चुकून कुणाला लागलं तर शूटिंगबरोबर आणखीही बरंच काही थांबेल. म्हणून ॲल्युमिनियम. ते दिव्याखाली पोलादासारखं चमकतं आणि कानशीला लगेच वश होतं. आता नक्कल करणाऱ्याने काय करायचं? वॉर्फच्या हातात जे आहे असं गोष्ट सांगते, ते करायचं की डॉर्नच्या हातात जे होतं ते?

बाजार पहिल्या बाजूला आहे. पोलादी बॅटलेथ सर्रास मिळतात. अमेरिकेत केंटकीतले गिल हिबन हे नामांकित सुरीकार ‘रॅम्बो 3’च्या सुरीसाठी ओळखले जातात आणि त्यांच्या नावामागे क्लिंगॉनांचा शस्त्रकार अशी उपाधीही लागते. सुरीकाराच्या डोक्यात पात्याला धार आणि पाणी असलंच पाहिजे, हे पक्कं असतं. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. पण ते झालं क्लिंगॉन हत्यार. टीव्हीवरच्या वस्तूची अचूक नक्कल हवी असेल तर ॲल्युमिनियमच वापरायला हवं, धार नको, आणि जिथे मूळ कारागिराची कानस घाईत घसरली तिथे आपलीही घसरली पाहिजे. सोंगाची नक्कल करायची तर सोंगासकट करावी. पोलादी बॅटलेथला ‘अधिक अस्सल’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ते अस्सल कशाचं, एवढं विचारतो.

करून पाहायचं असेल तर आपल्याकडे अवघड काही नाही. आकार दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे पुठ्ठ्यावर अर्धाच आखायचा, पुठ्ठा घडी घालून कापायचा, उघडला की पूर्ण आकार. भोसरीसारख्या भागात लेझरवर प्लेट कापून देणारी दुकानं हारीने आहेत. कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग दिलं की ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून तासाभरात आकार बाहेर. पण इथेच सावध राहावं. यंत्राने कापलेला डावा भाग उजव्याचा हुबेहूब आरसा असतो, आणि हाताने घासून पुरं केलेल्या वस्तूत तसं सहसा नसतं. एका टोकाचा बाक किंचित बोथट, एका फटीची कड किंचित आत. घडी घातलेला पुठ्ठा ही सगळी भांडणं मिटवून टाकतो. म्हणून आग्रही माणसं दोन्ही बाजू स्वतंत्रपणे आखतात.

मग कडेची तासणी. पात्याला धार काढायची नसते, धार असल्याचा भास काढायचा असतो. दोन्ही बाजूंनी कड उतरती घासायची, पण मध्ये मिलिमीटरभर सपाट पट्टी राखायची. ही पट्टी समोरून दिसत नाही, बोटाला लागते. आधी भरड कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपर ओला करून, एकाच दिशेने. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत चिकटून बसतं आणि चिकटलेला कण पुढच्याच फटक्याला पात्यावर लांब ओरखडा काढतो. म्हणून दातांवर खडू घासतात आणि दर थोड्या वेळाने तारेच्या ब्रशने कानस झाडतात. टोकाजवळच्या आतल्या वळणात सपाट कानस शिरत नाही, तिथे गोल कानस लागते. हाताने केलेल्या पात्याची आणि यंत्रावरच्या पात्याची ओळख याच वळणात पटते.

शेवटी चामडं. पट्टी भिजवून, ताणून, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळायची. वाळताना ती आकसते आणि घट्ट बसते. नवंकोरं चामडं मात्र पडद्यावरच्यासारखं दिसत नाही, कारण तिथलं चामडं तालमींतला घाम पिऊन काळवंडलेलं असतं. लोक तेल लावतात, चहाच्या पाण्यात बुडवतात, बूटपॉलिश फासतात. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ते हातात घेऊन फिरवत राहणं.

दुसरी वाट साच्याची. कुणाकडे खरी प्रत असेल तर तिच्यावर सिलिकोनचा साचा घ्यायचा आणि रेझिन ओतायचं. यात नक्षी, ओरखडे, कानशीचे डाग सगळं उतरतं. पण सिलिकोन आणि रेझिन दोन्ही थोडी आकसतात. आकुंचन अर्धा टक्का धरलं तरी 116 सेंमीवर जवळपास 6 मिमी. त्या नकलेवरून कुणी पुन्हा साचा घेतला तर आणखी 6. बाजारात फिरणाऱ्या रेझिनच्या प्रती शेजारी ठेवल्या की कुठली कुणाची मुलगी आणि कुणाची नात, हे मोजपट्टीवर कळतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, हे वाक्य इथे खरं होतं, फक्त दर पिढीगणिक उंची घटते.

पोलिसांना असली वंशावळ दिसत नाही, पातं दिसतं. 2009 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये एका बुरखेधारी माणसाने एकाच रात्री दोन दुकानं गाठली, हातात बॅटलेथ घेऊन. साक्षीदाराने हत्यार ओळखलं, कारण त्याने मालिका पाहिली होती. इंग्लंडमध्ये 2008 पासून 50 सेंमी किंवा त्याहून लांब वाकड्या पात्याच्या तलवारी विकायला बंदी आहे, काही अपवाद सोडून. आपल्या शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. बॅटलेथ दोन्ही मापांत बसतं. तेव्हा मिलिमीटरभराची ती सपाट पट्टी घासून टाकण्याचा मोह आवरावा, आणि वस्तू घेऊन गणपतीच्या मिरवणुकीत तर अजिबात जाऊ नये.

बॅटलेथचं चित्र आता बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. त्याच्या धाकट्या भावाचं तसं नाही. 1995 मध्ये वॉर्फ ‘डीप स्पेस नाइन’मध्ये आला तेव्हा करीने त्याला मेकलेथ दिलं, एका हातात मावणारं, आखूड, वाकड्या पात्याचं, तिबेटी घोडेस्वारांच्या तलवारीवरून सुचलेलं. ही मालिकाही फिल्मवरच चित्रित झाली, पण तिच्या निगेटिव्ह पुन्हा जुळवायचा खर्च कुणी केला नाही. 2019 मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या ‘व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड’ या माहितीपटासाठी निवडक दृश्यं तेवढी नव्याने स्कॅन झाली. त्यामुळे मेकलेथ बनवणारे अजून त्या 2 मिमीच्या धुक्यातच आहेत. त्यांच्यापुढे एक आडवाट आहे. 1996 च्या ‘फर्स्ट काँटॅक्ट’ चित्रपटात यानाच्या बाहेरच्या पृष्ठावर वॉर्फ मेकलेथ चालवतो, आणि ते चित्रपटाच्या दर्जाच्या प्रतीत दिसतं. पण मोठ्या पडद्यासाठी प्रॉपर्टी बहुधा नव्याने बनवतात किंवा निदान डागडुजी तरी करतात. तेव्हा कुणी मेकलेथ करून मागितलं, तर मालिकेतलं हवं की चित्रपटातलं, हे ॲडव्हान्स घेण्याआधी विचारून घ्यावं.